रूममेट घर सोडून गेल्यावर फरकाचे वीजबिल आले, त्याचा वाटा किती धरावा?

कर्वेनगरकर

नमस्कार. कर्वेनगरातील एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघे मित्र गेल्या जुलैपासून भाड्याने राहत होतो. नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारावर तिघांचीही नावे आहेत आणि वीज, गॅस व इंटरनेटचा खर्च भाडेकरूंनी करायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्यापैकी एक जण (त्याला 'अ' म्हणतो) बंगळूरला नोकरी लागल्यामुळे 31 मार्चला घर सोडून गेला. त्याच्या जागी 'ब' आला. अनामत रकमेतला 'अ'चा हिस्सा 'ब'ने परस्पर 'अ'ला दिला आणि हिशेब मिटला, असे आम्ही सर्वांनीच धरून चाललो.

सोसायटीने मीटरच्या खोलीला कुलूप घातले असल्याने जानेवारीपासून मेपर्यंत प्रत्यक्ष रीडिंग झालेच नव्हते. दरमहा 120 युनिटांचे सरासरी बिल येत असे आणि ते तेव्हा घरात राहणारे तिघे समान वाटून भरत असू. आता मेअखेरचे खरे रीडिंग आले आहे. वर्षाच्या सुरुवातीला मीटर 14,210 वर होता, तो 15,760 वर पोहोचला आहे. म्हणजे 1,550 युनिट वापरले गेले, पैकी 600 युनिटांचे पैसे भरलेले आहेत आणि उरलेल्या 950 युनिटांपोटी 11,640 रुपयांचे फरकाचे बिल आले आहे. मुदत संपत आल्यामुळे ते मी एकट्याने भरले.

पाचपैकी तीन महिने 'अ' घरात होता, म्हणून त्या तीन महिन्यांच्या रकमेचा एक तृतीयांश, म्हणजे 2,328 रुपये, मी त्याच्याकडे मागितले. त्याचे म्हणणे असे, की तो हिशेब पूर्ण करून गेला आहे आणि एवढे युनिट एप्रिल-मे महिन्यांत एसीमुळेच पडले असणार. त्याच्याकडून ही रक्कम मागण्याचा मला अधिकार आहे का, आणि नसल्यास मार्ग काय?

हिशेबनीस

मागण्याचा अधिकार आहे, परंतु रक्कम काढण्याची आपली पद्धत मला पटत नाही. भाडे किंवा वीजबिलातील स्थिर आकार हा कोणी घरात असो वा नसो, द्यावाच लागतो. त्यामुळे तो महिन्यांच्या हिशेबाने वाटणे योग्यच आहे. फरकाच्या बिलाचे तसे नाही. स्थिर आकार दरमहाच्या बिलांतून आधीच गेलेला असणार, तेव्हा या 11,640 रुपयांत वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यांवरील 16 टक्के वीज शुल्क एवढेच असेल. हे सारे युनिटांशी बांधलेले असल्यामुळे मार्चअखेर मीटर कुठे होता, एवढाच प्रश्न उरतो. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात, म्हणून 'अ'ची शंका उडवून लावण्यासारखी नाही. मात्र त्यावरून त्याचा वाटा शून्य होतो, असेही नाही.

मार्चअखेरच्या सुमाराचा मीटरचा एखादा फोटो कोणाकडे असेल का, ते शोधावे.

ॲड. ठाणे

यात दोन नाती वेगवेगळी पाहावी लागतात. पहिले घरमालक आणि तुम्ही तिघे यांचे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 43 प्रमाणे अनेकांनी मिळून दिलेले वचन पुरे करण्यास, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, त्यांपैकी कोणालाही भाग पाडता येते. म्हणजे मालक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून घेऊ शकले असते आणि 'अ'कडूनही. ज्याने भरले त्याला इतरांकडून वाटा मागण्याचा हक्क त्याच कलमात आहे, आणि वेगळा उद्देश दिसत नसेल तर वाटे समान धरले जातात.

दुसरे नाते तुमचे आपापसांतले. 'अ'चे नाव करारावरून अद्याप निघालेले नाही, म्हणून एप्रिल-मेचाही वाटा त्याच्या माथी मारावा, असे कोणी सुचवेल. ते टिकणार नाही. त्याचे जाणे आणि 'ब'चे येणे तुम्ही सर्वांनी मान्य केले, अनामतीचा हिस्साही हस्तांतरित झाला. वेगळा उद्देश तो हाच. त्याच न्यायाने, हिशेब मिटला असे 'अ'ला वाटत होते ते त्या वेळी समोर आलेल्या बिलांपुरते. जे बिल तेव्हा कोणाला माहीतच नव्हते, ते त्यात सोडून दिले असे म्हणता येत नाही.

मार्गाविषयी विचारले आहे. ही पोलिसांकडे नेण्याची बाब नाही आणि ग्राहक आयोगातही बसत नाही, कारण 'अ' तुम्हाला कोणती सेवा विकत नव्हता. पैसे भरल्यापासून साधारण तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो, पण एवढ्याशा रकमेसाठी ते कोणी करू नये. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. त्याला न्यायालयीन शुल्क नसते आणि तडजोड झाली तर ती लोकअदालतीत नोंदवली जाते. समोरचा बंगळूरहून त्यासाठी येईल का, हा भाग वेगळा.

औंधचा घरमालक

मालकाच्या बाजूने एवढेच सांगतो, की मीटर माझ्या नावावर असल्यामुळे थकबाकी राहिली तर तगादा मला लागतो. म्हणून आधी बिल भरून मग भांडलात, हे फार शहाणपणाचे झाले. माझ्याकडे खोली बदलताना जाणारा आणि येणारा असे दोघेही मीटरसमोर उभे राहून रीडिंग कागदावर लिहितात व सही करतात. पोरे हसतात. हसोत.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. फोटो सापडला. 2 एप्रिलला रात्री घरातली वीज वारंवार जात होती, म्हणून वॉचमनकडून किल्ली घेऊन मी एमसीबीचा फोटो इलेक्ट्रिशियनला पाठवला होता. त्याच चौकटीत खाली मीटरचा पडदा आला आहे आणि मोठा करून पाहिल्यावर 14,890 हा आकडा नीट वाचता येतो.

हिशेबनीस

मग काम सोपे झाले. 'ब' आल्यानंतरचा एखादा दिवस त्यात जास्तीचा धरला जाईल, तो सोडून देऊ. जानेवारी ते मार्च प्रत्यक्ष वापर 680 युनिट, त्यांतले 360 युनिटांचे पैसे भरलेले. म्हणजे फरक 320 युनिटांचा. एप्रिल-मेमध्ये वापर 870, भरलेले 240, फरक 630. एकूण 950, बरोबर जुळते. 11,640 रुपये याच प्रमाणात विभागले तर पहिल्या तिमाहीचे 3,921 आणि पुढच्या दोन महिन्यांचे 7,719 रुपये होतात. 'अ'चा वाटा 1,307 रुपये. 'ब'चा 2,573. तुमचा आणि तुमच्या दुसऱ्या सोबत्याचा प्रत्येकी 3,880.

काटेकोरपणे पाहिले तर 'अ'चा वाटा याहूनही थोडा कमी निघेल. वीज कंपनी फरकाचे बिल काढताना सगळे युनिट पाच महिन्यांवर सारखे पसरते आणि मग 100, 300 व 500 युनिटांचे टप्पे लावते. प्रत्यक्षात मार्चपर्यंतचा वापर महिन्याला 300 च्या आत होता आणि एप्रिल-मेचा 400 च्या वर गेला. महागड्या टप्प्यातले युनिट बहुतेक उन्हाळ्यातले आहेत. फरक फार मोठा नसावा, पण त्याने हा मुद्दा काढला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

आणखी एक विचारतो. इंटरनेटचे काय ठरले? ते कोणाच्या नावावर आहे?

कर्वेनगरकर

इंटरनेट 'अ'च्या नावावर आहे. गेल्या नोव्हेंबरपासून वर्षभराचे 9,000 रुपये तिघांनी समान भरलेले आहेत आणि कनेक्शन ऑक्टोबरपर्यंत चालू राहील. 'ब'कडे त्याबद्दल कोणी काही मागितलेले नाही. हा मी वेगळा विषय समजत होतो.

हिशेबनीस

वेगळा कसा? दरमहा 750 प्रमाणे उरलेल्या सात महिन्यांचे 5,250 होतात, त्याचा तिसरा हिस्सा 1,750 रुपये 'अ'ने आगाऊ दिला आहे आणि त्याचा उपभोग 'ब' घेतो आहे. 'ब'ने 'अ'ला 1,750 द्यायचे, 'अ'ने तुम्हाला 1,307 द्यायचे. वजावट केली तर 'ब' तुम्हाला वीजबिलाचे 2,573 आणि 'अ'च्या वतीने 1,307 असे 3,880 देईल, आणि 'अ'ला 443 रुपये पाठवील. ज्याच्याकडून येणे म्हणून तुम्ही मागे लागला होता, त्याच्याच खात्यात रक्कम जमा होईल.

ॲड. ठाणे

मला हे योग्य वाटते. कोणी फुकटात देण्याचा उद्देश न ठेवता कायदेशीरपणे केलेल्या गोष्टीचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यावी, हे कलम 70 चे तत्त्व आहे. मात्र 'ब'ला ही मागणी आजच प्रथम कळणार असल्याने त्याला आधी विश्वासात घ्यावे. मला हे इंटरनेट नको होते, असे तो म्हणू शकतो, आणि तसे असेल तर निदान वापरलेल्या महिन्यांचे मागावे. चौघांनी आकडे मान्य केल्यावर एका संदेशात ते लिहून प्रत्येकाचा होकार घ्यावा.

'ब'चे नाव करारावर नाही, तेही याच वेळी सुधारून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांची मुदत संपत आलीच असेल. नव्या करारात तिघांची खरी नावे आणि सुरुवातीचे मीटर रीडिंग दोन्ही घालावे, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नव्याने नोंदवावी.

कर्वेनगरकर

'ब'शी बोललो. वीजबिलाला तो लगेच तयार झाला. इंटरनेटचे मात्र एप्रिलपासूनचे महिन्याला 250 देईन, पुढचे आताच देणार नाही, असे म्हणाला. 'अ'ला ते चालेल असे दिसते. दोन दिवसांत सर्व आकडे लिहून ग्रुपवर टाकतो.