सुकं म्हणजे ताज्याची बदली नव्हे

रंकाळाकाठ:
चिनी-जपानी पाककृतीत सुकी शिताके ही अळंबी लिहिलेली असते आणि आपल्याकडं सर्रास सल्ला मिळतो, ‘नसेल तर ताजी बटण मशरूम घाला.’ मला हे अजिबात पटत नाही. वाळवलेली शिताके भिजवून शिजवली की तिच्यात ग्वानिलेट हे चव वाढवणारं द्रव्य तयार होतं. ताज्या मशरूममध्ये ते जवळपास नसतंच. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे असंच चवीचं दुसरं द्रव्य वेगळं काढलं. तो कोंबूही सुकाच वापरतात. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव कितीतरी पटीनं वाढते. शाकाहारी डाशीचा, म्हणजे जपानी सूपसाठी लागणाऱ्या चवदार पाण्याचा, जीव यातच आहे.

मंगळवारपेठकर:
रसायन कळलं भावा, पण वाळवण आलं ते फ्रीज नव्हता म्हणून. आता ताजी अळंबी दारात मिळते. शिताकेचं पाकीट केवढ्याला पडतं बघ, वर रात्रभर भिजवत बसायचं. सुके बोंबील तरी आपण का खातो? जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणून.

रंकाळाकाठ:
मग जानेवारीत, ताजी मासळी समोर असताना सुकटाची चटणी का करता? आणि आपले रस्से बघा. पांढऱ्याला ओल्या नारळाचं दूध, तांबड्याच्या वाटपाला भाजलेलं सुकं खोबरं. दोन्ही नारळच. फ्रीज आला म्हणून कोल्हापुरात कुणी ही अदलाबदल केली का?

घाटउतार:
मी मूळची मालवणची, म्हणून सुक्या मासळीवर बोलते. सोम ताम या कच्च्या पपईच्या थाई सॅलडला लागणाऱ्या सुक्या कोळंबीऐवजी लोक जवळा घालतात. तो नको, सोडे घ्या. जवळा नीट चाळला-धुतला नाही तर दाताखाली वाळू येते. आणि भिजवलेलं पाणी सरसकट वापरू नका. शिताकेचं ठेवा, खारवलेल्या मासळीचं पहिलं पाणी ओतून द्या, नाहीतर सगळं खारट होतं.

मंगळवारपेठकर:
खोबऱ्याचा मुद्दा मान्य. पण मोठ्या आचेवर भाजी परतायची तर सुकी शिताके चिवट लागते. तिथं मी ताजीच घालणार.

रंकाळाकाठ:
परतायला घाला की, वाद सूपचा आहे. शिताके गार पाण्यात, फ्रीजमध्ये रात्रभर भिजवा, देठ कापा, पाणी तळातला गाळ सोडून वरचं घ्या. रात्री भिजत टाकायला दोन मिनिटं लागतात.

मंगळवारपेठकर:
आणि पाकिटाचे पैसे? त्यावर अजून उत्तर आलं नाही.