मुलींचं लवकर वयात येणं : आधी रसायनांवर बोट ठेवायचं की वजनावर?

निळी शाई
डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये मुलींच्या दोन वेगवेगळ्या गटांची तपासणी झाली. १९९१च्या सुमारास स्तनांची वाढ सरासरी १०.८८ वर्षांना सुरू व्हायची, २००६च्या सुमारास ९.८६ला. पंधरा वर्षांत अख्खं एक वर्ष! पाळीचं वय मात्र १३.४२वरून १३.१३वर, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने सरकलं. वयात येण्याची सुरुवात मेंदूकडून लवकर झाली असती, तर एलएच आणि एफएसएच ही मेंदूतल्या ग्रंथीची संप्रेरकं वाढलेली दिसली असती. ती वाढली नव्हती, आणि आठ ते दहा वयाच्या मुलींत इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक) उलट किंचित कमीच भरलं. मग स्तनाच्या पेशींना वाढीचा इशारा कुठून मिळाला? बाहेरून, असं माझं मत आहे. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए (बीपीए), प्रसाधनांतलं पॅराबेन यांसारखी रसायनं पेशीतल्या इस्ट्रोजेनच्याच जागेवर (ग्राहीवर) जाऊन बसतात. त्यामुळे संशयितांच्या यादीत ती पहिली हवीत.

मोजपट्टी
असहमत. यादीत हवीत, पहिली नकोत. उत्तर युरोपात पाळीचं वय सोळा-सतराच्या आसपासवरून तेरापर्यंत उतरलं, त्यातली बहुतेक घट प्लास्टिक घरोघरी येण्याआधीची आहे. ती पोषण सुधारल्यामुळे आणि आजार कमी झाल्यामुळे झाली. आजही अंगावरची चरबी दोन वाटांनी काम करते : चरबीतून येणारं लेप्टिन मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असं कळवतं, आणि चरबीतलंच अ‍ॅरोमाटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन बनवतं. शिवाय जाड मुलीची छाती नुसती पाहिली तर चरबीच स्तन म्हणून नोंदली जाते.

निळी शाई
चरबीचा आक्षेप इथे टिकत नाही. कोपनहेगनमध्ये बोटांनी दाबून तपासलं होतं. स्तनाग्राखाली ग्रंथीची घट्ट चकती हाताला लागते, चरबी मऊ आणि पसरट लागते. वजन-उंचीचा निर्देशांक हिशेबात धरल्यावरही फरक राहिलाच.

मोजपट्टी
तपासणीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण 'वजनाने पूर्ण उलगडा होत नाही' याचा अर्थ 'म्हणजे रसायनंच' असा होत नाही. रसायनाचं मोजमाप कसं होतं ते बघा. थॅलेट (प्लास्टिक आणि सुगंधी प्रसाधनांतली रसायनं) आणि बिस्फेनॉल काही तासांत शरीराबाहेर पडतात. सकाळच्या लघवीचा एक नमुना आदल्या दिवसाबद्दल सांगतो, आधीच्या पाच वर्षांबद्दल नाही. शिवाय सगळी रसायनं एकाच दिशेने ढकलत नाहीत. अमेरिकेत ओहायो नदीच्या खोऱ्यात पाण्यात पीएफओए हे टेफ्लॉनच्या कारखान्यातलं रसायन मिसळलं होतं. तिथे रक्तात त्याच कुळातलं पीएफओएस जास्त असलेल्या मुलींची पाळी सुमारे १३८ दिवस *उशिरा* आली होती. शिसंही उशीरच करतं.

निळी शाई
म्हणूनच गर्भातल्या काळाकडे बघायला हवं. १९७३मध्ये मिशिगनमध्ये गुरांच्या खाद्यात चुकून पीबीबी हे अग्निरोधक मिसळलं गेलं. ज्या मुलींना ते गर्भात जास्त मिळालं आणि पुढे आईच्या दुधातूनही गेलं, त्यांची पाळी ११.६ वर्षांना आली, बाकीच्यांची १२.२ ते १२.७ला. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात तर गरोदर बायकांचीच लघवी तपासली होती. सुगंधी प्रसाधनांतल्या डायएथिल थॅलेटचा अंश दुप्पट, तर मुलीचे जांघेतले केस सुमारे १.३ महिने आधी.

मोजपट्टी
पीबीबी चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहतं, थॅलेट दिवसभरात निघून जातं. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नका. आणि १.३ महिन्यांनी कोपनहेगनच्या एका वर्षाचा हिशेब जुळत नाही. सॅलिनासच्या अभ्यासात नवव्या वर्षी मोजलेल्या पॅराबेनचाही लवकर वयात येण्याशी संबंध दिसला होता, पण संशोधकांनीच शक्यता मांडली की लवकर वाढलेल्या मुली प्रसाधनं जास्त वापरत असतील. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे तिथे सुटत नाही.

निळी शाई
पॅराबेनपुरतं मान्य. पण १.३ महिने हे एका रसायनाचे. मूल गर्भापासून डझनभर रसायनांत वाढतं आणि त्यांची बेरीज कुणी नीट मोजलेलीच नाही.

कंदील
वाद मिटेपर्यंत संपर्क कमी करता येतो. सॅलिनासमध्येच १०० किशोरींना तीन दिवस थॅलेट, पॅराबेन, ट्रायक्लोसान (जंतुनाशक) नसलेली प्रसाधनं दिली. लघवीतला डायएथिल थॅलेटचा अंश २७ टक्के, मिथाइल पॅराबेन ४४ टक्के आणि ट्रायक्लोसान ३६ टक्के घटलं. गफलत कुठे झाली तेही सांगतो : एथिल आणि ब्यूटाइल पॅराबेन उलट वाढलं. म्हणजे 'अमुकविरहित' या शब्दावर विसंबू नका, मागची पूर्ण यादी वाचा. नुसतं 'सुगंध' किंवा 'परफ्यूम' लिहिलं असेल तर त्यात थॅलेट असू शकतं. गरम अन्न काच किंवा स्टीलमध्ये ठेवा, प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये नको. 'बीपीए-फ्री' डब्यात बिस्फेनॉल-एस असू शकतं, आणि तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं.

मोजपट्टी
कंदील यांच्या यादीला माझा विरोध नाही. मला भीती वाटते ती डबे बदलून डॉक्टरांकडे जाणं लांबवणाऱ्या पालकांची. आठ वर्षांच्या आत स्तनांत गाठ लागली, किंवा दहाच्या आत पाळी आली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, रक्तात एलएच मोजतात. सहाच्या आतली मुलगी असेल तर मेंदूचा एमआरआय सांगतात, कारण क्वचित तिथली गाठ हेच कारण निघतं. गेल्या वर्षभरातली उंची तारखांसह लिहून न्या. उंची एकदम झपाट्याने वाढली असेल, तर डॉक्टर तपासण्या पुढे ढकलत नाहीत.