मंडईतली सोयरीक आणि सिकलसेलचं कार्ड

(टोपणनावांनी झालेली चर्चा)

धानपट्टा (भंडारा)
मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवसांत भाचीला पाहायला पाहुणे आले. शेती किती, पोरगा काय करतो, सगळं बोलून झालं. आमच्याकडे सिकलसेल हा आई-बापाकडून उतरणारा रक्ताचा आजार आहे, म्हणून मी विचारलं, "मुलाची सिकलसेलची तपासणी झाली का?" मुलाचे मामा ताडकन उठले. "आमच्या खानदानात रोग नाही!" भाची वाहक आहे, हे आम्ही लपवलं नाही. सोयरीक मोडली.

वाहक म्हणजे ज्याला हा गुण एकाच पालकाकडून आला तो, रोगी नव्हे. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता चारात एक. म्हणून म्हणतो, पत्रिका नंतर, साक्षगंधाआधी दोघांची तपासणीची कार्डं समोर ठेवा.

सातबारा
मोडली कोणाची? पोरीचीच ना! आमच्या गावात शाळेतल्या तपासणीत एका पोरीचं कळलं. तेव्हापासून पाहुणा गावात शिरायच्या आधीच कुणीतरी सांगतं, "पोट्टी सिकलची आहे." मुलाचा रिपोर्ट कुणी मागत नाही. तुमचं कार्ड उद्या पोरींच्या कपाळावरचा शिक्का होईल.

झाडीतला भाऊ
कार्डगिर्ड सोडा बाप्पा. आमच्यात मामाची पोरगी करतेत, गोंडायमंदी तं त्याले दूध परत करनं म्हनतेत. आजवर काई झालं नाई. एका घरी दुखनं आलं म्हनून साऱ्या रीतीले नावं काहून ठेवता?

उपकेंद्राची ताई
भाऊ, "काई झालं नाई" हे कसं ठरवलं? हातपाय सुजलेलं, डोळे पिवळे पडलेलं लेकरू गेलं की आपण कावीळ म्हणायचो. सांधे दुखले की वात. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ ठीकच दिसतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

हा गुण मलेरियाच्या मुलखात टिकला, कारण वाहक लेकरं मलेरियातून जास्त वाचायची. 1958 साली नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या सिकलसेलवर लिहिलं, म्हणजे गोष्ट नवी नाही. आते-मामे भावंडांचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच, त्यांच्यातला गुण दोन्हीकडून उतरू शकतो. रोग असलेल्या बाईचं बाळंतपणही जोखमीचं असतं, दुखण्याचे झटके येतात, बाळ कमी वजनाचं होतं.

निळी पहाट
मूळ दुखणं जातीतच लग्न करण्याचं आहे. बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडलं होतं की जात टिकते ती याच बंधनावर. आंतरजातीय लग्नाला सरकार 50,000 रुपये देतं. ते घ्या, मोकळे व्हा.

उपकेंद्राची ताई
जात मोडा, जरूर मोडा. पण त्या भरवशावर तपासणी सोडू नका! विदर्भात हा गुण गोंडांत आहे, बौद्धांत आहे, काही ओबीसी जातींतही आहे. गोंड मुलगा आणि बौद्ध मुलगी दोघंही वाहक निघू शकतात. उलट वाहकानं तपासणीत रक्त अगदी ठीक निघालेल्याशी जातीतच लग्न केलं तरी लेकराला सिकलसेलचा आजार होत नाही.

दोन गैरसमज रोज ऐकते. एक, "पहिलं लेकरू आजारी, आता पुढची तीन चांगली." नाही, दर खेपेला चारात एक. दुसरा, सोल्युबिलिटी (रक्ताची पहिली, झटपट चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे रोगच. तेवढ्यावरून वाहक की रोगी ते कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्ताची पक्की चाचणी, करावीच लागते. लग्न होऊन गेलेल्या जोडप्यांनी दिवस राहिल्याबरोबर यावं, साधारण 10 ते 12 आठवड्यांत गर्भाची तपासणी होते.

सातबारा
हे ठीक. पण आधी मुलग्यांना तपासणीच्या रांगेत उभं करा.

धानपट्टा
सातबारा, हे मान्य. भाचीला गोंदियाकडचं दुसरं स्थळ आलंय. या खेपी पाहुणे बोलवायच्या आधीच मुलाला फोन केला. तो म्हणे, "सोमवारी बाजाराला जातो, तेव्हाच रक्त देतो." त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही म्हणे.