भंगारातून आणलेल्या जुन्या वस्तू ऑनलाईन विकायच्यात, भाव कसा काढायचा?

भुसावळचा_गडी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. मी भुसावळला असतो, दिवसा दुकानात नोकरी, आणि गेल्या उन्हाळ्यापासून एक नवीन नाद लागलाय, भंगारवाल्याकडे जाऊन बसायचं आणि ढिगातून जुन्या वस्तू निवडायच्या. बायको म्हणते आधी घरातलं भंगार काढा मग बाहेरचं आणा. ते असो.

मागच्या आठवड्यात एका वाड्याचा माल आला होता. म्हातारे गेले, पोरं पुण्याला, वाडा पाडून फ्लॅट, नेहमीचंच. त्यातून मी सगळं मिळून १,४०० ला उचललं. एक एचएमटी जनता घड्याळ, चावी दिली की चालतंय, डायल मस्त चकचकीत निळी. एक अ‍ॅगफा क्लिक थ्री कॅमेरा, कव्हरसकट. लोणच्याच्या दोन बरण्या. पितळी तांब्या आणि डबा, दोन्हीवर नाव कोरलंय, 'लग्नात भेट' आणि १९५८ साल. अमळनेरच्या वनस्पती तुपाचा गंजलेला पत्र्याचा डबा. आणि सगळ्यात भारी म्हणजे एक रेल्वेचा हातकंदील, आतली काच फिरवली की लाल हिरवा होतो, त्याच्या पितळी पट्टीवर जी.आय.पी.आर. अशी अक्षरं ठोकलीयेत.

आता अडलंय कुठे तर भावात. तोच कॅमेरा एका ठिकाणी ६०० ला दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी ९,००० ला. खरं कोणाचं मानायचं? मोबाईलवर दोन वस्तू टाकून बघितल्या तर जो तो 'लास्ट किती' विचारतो आणि गायब होतो. दुसरं, भांड्यांवरचं नाव घासून काढू का? कोणाच्या तरी बाईचं नाव असलेला तांब्या कोण घेणार असं वाटतं. पितळी पट्टीला चिंच-मीठ लावून झालंय, सोन्यासारखी चमकतेय, तांब्याला अजून लावायचंय.

जुनंपुराणं_जळगाव

आधी एक काम करा, ती चिंच ठेवून द्या. तांब्याला लावू नका. पितळावर इतक्या वर्षांत जो काळपट-तपकिरी रंग चढतो ना, घेणारा त्याचेच पैसे देतो, चमकणारं पितळ हवं असेल तर तो भांडी बाजारातून नवीन घेईल की. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची, बास. मी स्वतः सुरुवातीला एक सुंदर समई घासून घासून नवी करून बसलो होतो, शेवटी मोडीच्या भावात गेली, म्हणून सांगतोय.

आता भाव. तुम्ही जे ६०० आणि ९,००० बघितले ते दोन्ही मागितलेले भाव आहेत, आलेले नाहीत. मागायला काय, कोणी लाख मागेल. भाव म्हणजे ज्या आकड्याला वस्तू खरंच गेली तो. ईबेच्या परदेशी साईटवर शोधताना फिल्टरमध्ये 'विकलेल्या वस्तू' असा पर्याय असतो, तो लावला की साधारण मागच्या ९० दिवसांत काय कितीला गेलं ते दिसतं. आपल्याकडची ईबे २०१८ लाच बंद झाली, त्यामुळे तिथले आकडे डॉलरचे, तिकडच्या गिऱ्हाईकाचे. त्याला नुसतं रुपयांत गुणून आपला भाव निघत नाही, पण कुठली वस्तू चालते आणि कुठली पडून राहते एवढं कळतं. आपल्या इकडे विकलेल्याचा आकडा कोणी दाखवत नाही, म्हणून मी वही ठेवलीय. एखादी जाहिरात दिसली की तारीख आणि भाव लिहितो, तीन आठवड्यांनी परत बघतो. अजून तिथेच असेल तर तो भाव नाही हे समजायचं. गेली असेल तर त्याच्या जरा खालीच सौदा झाला असणार. फोटो टाकून शोधायची सोय आहे ती नाव ओळखायला वापरा, भाव ओळखायला नको.

घड्याळाचं वाईट वाटून घेऊ नका, पण 'चकचकीत निळी' वाचूनच शंका आली. जुन्या एचएमटीच्या डायली पुसून नवीन रंग आणि छपाई मारून विकायचा मोठा धंदा आहे. भिंग घेऊन बघा, अक्षरांच्या कडा फुटल्यात का, मिनिटांच्या रेघा आणि तासाच्या खुणा एका ओळीत आहेत का, डायलच्या अगदी तळाशी बारीक आकडे-अक्षरांचा कोड असायला हवा तो आहे का. घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या (स्वतः सुरी घालू नका!), आत मशीनवर ०२३१ दिसलं तर निदान मशीन तरी एचएमटीचं. डायल मारलेली निघाली तरी विकता येतं, फक्त 'डायल नवीन मारलेली आहे' असं पहिल्या ओळीत लिहायचं. हे लपवलं तर घड्याळ परत येतं, वर जाण्या-येण्याचा कुरिअरचा खर्च तुमच्या बोडक्यावर. कारखाना २०१६ मध्ये बंद पडल्यापासून खऱ्या डायलीच्या घड्याळाला मागणी आहे आणि घेणारे आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

कॅमेऱ्याचं सोपं. खटका दाबला की पडदा उघडतो-मिटतो का, भिंगाला आतून बुरशी आहे का, मागचं झाकण नीट बसतं का, या तीन गोष्टींचा एकेक फोटो टाका. त्याला लागणारा १२० नंबरचा रोल अजून मिळतो, त्यात चौकोनी १२ फोटो येतात, त्यामुळे कॉलेजची पोरं हौसेने वापरायलाच घेतात, नुसतं शोकेसमध्ये ठेवायला नाही. 'चालू आहे' असं मात्र स्वतः रोल टाकून बघितल्याशिवाय लिहू नका, 'खटका चालतो, रोल टाकून तपासलेला नाही' असं लिहा.

धुळ्याची_वहिनी

भाऊ नाव अजिबात घासू नका!! मी दोन वर्षं जुनी भांडीच विकतेय, गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, आणि पहिला प्रश्न काय असतो माहितीये, ताई नाव घातलेलं आहे का? नाव आणि साल असलं म्हणजे भांडं खरं जुनं हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. फक्त फोटोत आडनाव झाकायचं, त्यांची लेक-सून कुठेतरी असेल, आपल्या आजीचं नाव बाजारात फिरताना बघून तिला कसं वाटेल. पहिलं नाव आणि साल दिसू द्या.

बरण्यांचं सांगते. बोटाच्या हाडाने वाजवून बघा, टणकन आवाज आला तर चांगली, ठस्स आला तर केसाएवढा तडा आहे. तरी खात्री नसेल तर रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवा, सकाळी कागद ओला तर समजा. तळाला शिक्का असेल, ग्वाल्हेर पॉटरीज किंवा बेंगॉल पॉटरीज वगैरे, तर त्याचा जवळून फोटो. झाकण त्याच बरणीचं आहे का हेही लिहा, लोक विचारतातच.

आणि कुरिअरचा हिशोब आधी करा मग भाव टाका, माझे पहिल्या बरणीत पैसेच सुटले नव्हते. कुरिअरवाले खरं वजन बघतात आणि खोक्याच्या मापाचंही, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००, जे जास्त येईल ते लावतात. म्हणजे ३० बाय २५ बाय २५ चं खोकं झालं तर पावणेचार किलो, आत बरणी दोन किलोची का असेना. खोकं जेवढ्यास तेवढं शोधायचं पण चारी बाजूंनी तीन बोटं भराव पाहिजेच. आमच्याकडे सगळे म्हणाले कापूस भर, खान्देशात कापसाला काय तोटा. बरणीला चालतो, पितळाला आणि कॅमेऱ्याला नको, दमट धरतो. केळीची वाळकी पानं तर मुळीच नको, एकदा भरली होती आणि बंगळूरच्या बाईने मला आत फिरणाऱ्या किड्याचा व्हिडिओ पाठवला 😭

रिटायर_रेल्वे_काका

कंदिलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी चालवली ती. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली, त्यामुळे शिक्का खरा असेल तर कंदील त्याच्या आधीचा. पण 'असेल तर' हे महत्त्वाचं. हा शिक्का मारून नवीन कुलपं, शिट्ट्या, होकायंत्रं बनवून विकतात, गठ्ठ्याने मिळतात. खऱ्या कंदिलात आतून काजळी बसलेली असते, वातीचा चिमटा झिजलेला, काच फिरवायच्या कडीला हातानं गुळगुळीतपणा आलेला, पत्र्याला डागडुजी केलेली. शिक्क्याची अक्षरंही एका खोलीची नसतात, हातोडीनं ठोकलेली ती. तुम्ही पट्टी घासून यातल्या निम्म्या खुणा घालवल्या असणार, असो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रेल्वेचा माल बेकायदेशीर जवळ बाळगण्यावर १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि भुसावळसारख्या गावात तो माहीत नाही असं म्हणून चालणार नाही. रेल्वे जुना माल लिलावात काढते, तो रीतसर घेतला असेल तर त्याची पावती असते. तुमच्या भंगारवाल्याला विचारा, नाहीतर ज्या घरातला माल त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की आमच्या घरचा आहे, वडील गार्ड होते वगैरे जे खरं असेल ते. त्याआधी जाहिरात टाकू नका.

तसंच शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणी, किंवा ७५ वर्षांवरची हस्तलिखितं ढिगात आली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, परवान्याशिवाय धंदा नाही आणि परदेशी तर पाठवायचंच नाही. हस्तिदंताची मूठ, सांबराची शिंगं, हात लावू नका.

अहिराणी_भो

भो मन्ही बी गोट आयक. मी मांगला साले जुना रेडू ईकाले टाका व्हता. एक जनना फोन उना, म्हने मी मिल्टरीमा शे, पैसा आत्तेच धाडस, तू फक्त क्यूआर स्कॅन कर नि पिन टाक. मी बी येडा, टाकी दिधा. मन्हा खातामाईनच तीन हजार गयात. ध्यानमा ठेव, पैसा येवाले पिन लागत नही, जावाले लागस. तसं व्हयनंच ते लगेच १९३० ले (सायबर फसवणुकना सरकारी नंबर) फोन कर, मी दोन दिन लाजमा बसी ऱ्हायनू, मंग काय उपयोग नही व्हयना.

अमळनेरचा_पाहुणा

तुपाच्या डब्यावर सूर्यफुलाचं चित्र आहे का? १९४५ ला आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, किसान, सनफ्लॉवर, कॅमल अशा नावांनी माल यायचा, तीच पुढे विप्रो झाली. गावात ज्यांनी शेअर धरून ठेवले ते कुठल्या कुठे गेले, आमच्या आजोबांनी डबे धरून ठेवले, त्यात हरभरे असायचे. गंज काढू नका, रंग मारू नका, अक्षरं दिसतील असा फोटो इथे टाका. इंजिनीअर झालेली पोरं टेबलावर ठेवायला घेतात असं ऐकलंय, नाहीतर मीच घेतो.

भुसावळचा_गडी

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

घड्याळ उघडून बघितलं, मशीन ०२३१, डायल मारलेली. तसंच लिहून टाकलं, सकाळच्या उन्हात ओट्यावर फोटो काढले, भिंगातून काढलेला तुटक्या अक्षरांचाही टाकला. गंमत म्हणजे यावेळी 'लास्ट किती' वाले आलेच नाहीत, नाशिकच्या एका माणसाने सरळ ६५० दिले, त्याच्याकडे खरी डायल पडून होती आणि त्याला मशीनच पाहिजे होतं. एक बरणी ठस्स निघाली, तिच्यात बायकोने कढीपत्ता लावला. तांब्या वहिनींनी सांगितल्यासारखा टाकलाय, आडनावावर बोट ठेवून फोटो. कॅमेऱ्यासाठी रोल मागवलाय.

काका, भंगारवाला म्हणतो पावती कसली, वाड्यातलाच माल. त्याच्याकडून त्या पोरांचा पुण्याचा नंबर घेतलाय, रविवारी फोन लावतो. तोवर कंदील माळ्यावर. अमळनेरवाले भाऊ, फूल आहे पण अर्धंच दिसतंय, फोटो रात्री टाकतो, हरभऱ्याचा वास मात्र अजून येतोय.