हॉटेलच्या फलकावर काय लिहावे : टॉयलेट, वॉशरूम की रेस्टरूम?

अजिंक्यतारा (सातारा)
पुणे-बेंगळुरू महामार्गालगत साताऱ्याजवळ आमच्या मेहुण्यांचे लहानसे हॉटेल आहे. रंगाऱ्याने फलकावर 'स्वच्छतागृह' असे ठळक लिहून ठेवले आहे; खालची इंग्रजी ओळ मात्र चार दिवस रिकामी आहे. पुण्यात नोकरी करणारा भाचा 'वॉशरूम' म्हणतो, अमेरिकेहून आलेली पुतणी 'रेस्टरूम'वर अडून आहे आणि मेहुण्यांना 'टॉयलेट' पुरेसे वाटते. यात फरक अर्थाचा आहे की केवळ देशाचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)
फरक मुख्यतः देशाचा आहे. ब्रिटनमध्ये पाटीवर 'टॉयलेट्स' असते आणि बोलताना 'लू' म्हणतात. ऑस्ट्रेलियातही 'टॉयलेट'च चालते, घरगुती बोलीत 'डनी'. 'वॉशरूम' हा खास कॅनडाचा शब्द, आपल्याकडे तो कार्यालयांतून आणि मॉलमधून रुळला. अमेरिकेत सार्वजनिक जागी 'रेस्टरूम' आणि घरात 'बाथरूम', मग तिथे अंघोळीची सोय असो वा नसो. ब्रिटिश माणसाच्या 'बाथरूम'मध्ये मात्र टब किंवा शॉवर अपेक्षित असतो. फिलिपिन्समध्ये 'कम्फर्ट रूम' म्हणतात आणि दारावर नुसते 'सी.आर.' लिहितात.

आपल्याकडची गंमत निराळीच आहे. 'बाथरूमला जाऊन येतो' म्हणणारा बहुधा लघवीला निघालेला असतो, अंघोळीला नव्हे.

माहुली संगम
वरील माहितीत थोडी भर घालतो. यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द मूळ गोष्ट झाकण्यासाठीच आला आहे. फ्रेंच 'त्वालेत' म्हणजे आधी लहानसे कापड. पुढे शृंगाराच्या मेजावरचे वस्त्र, मग साजशृंगार, मग त्याची खोली, असे करत इंग्रजी 'टॉयलेट' आजच्या अर्थाला येऊन ठेपला. आपल्या 'प्रसाधनगृहा'ने नेमकी हीच वाट धरली, कारण प्रसाधन म्हणजेही नटणेसजणे. 'लॅव्हेटरी' लॅटिनमधल्या धुण्यावरून आला आणि आपले 'परसाकडे' घरामागच्या परसावरून. नाव न घेता नुसती दिशा सांगणारा हा शब्द मला सगळ्यांत सभ्य वाटतो, पण फलकावर तो शोभणार नाही!

'रेस्टरूम' मात्र कृपया लिहू नये. एसटीच्या आगारात 'चालक-वाहक विश्रांतीगृह' वाचण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे खाट असेल असेच वाटणार. माझ्या आत्याबाईंनी एका हॉटेलात तशी पाटी वाचून, 'जरा आडवी होते गं' म्हणत, पिशवीसकट दार ढकलले होते.

अजिंक्यतारा (सातारा)
आत्याबाईंचा प्रसंग घरात वाचून दाखवल्यावर पुतणीने माघार घेतली. रंगाऱ्याला 'टॉयलेट' सांगितले आहे आणि शेजारी मोठा बाणही काढायला सांगितला आहे, कारण जागा खरोखरच परसाकडे आहे.