एकाच शहरात ७२०पी आणि १०८०आय : अमेरिकेतील स्थानिक वाहिन्यांची ही दुफळी योग्य आहे का?

एडिसनकर
न्यू यॉर्क परिसरात छतावर अँटेना लावला, तर सीबीएस आणि एनबीसी ही देशव्यापी नेटवर्क्स १०८०आयमध्ये (१०८० ओळी, पण आळीपाळीने अर्ध्या-अर्ध्या) मिळतात, एबीसी आणि फॉक्स मात्र ७२०पीमध्ये (७२० ओळी, पण सगळ्या एकदम). स्थानक स्थानिक असले तरी ही निवड सहसा त्याची नसते. ते ज्या नेटवर्कशी संलग्न असते, त्याचेच स्वरूप ते पुढे चालवते. प्रक्षेपणाचे नियम ठरवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने डिसेंबर १९९६मध्ये डिजिटल प्रक्षेपणाचे मानक स्वीकारले खरे, पण त्यातील १८ चित्रस्वरूपांचा तक्ता सक्तीचा केला नाही, आणि माझ्या मते घोडे तिथेच पेंड खाते. एका चित्रात २० लाख ७३ हजार बिंदू देणारे स्वरूप उपलब्ध असताना ९ लाख २१ हजारांवर प्रेक्षकांची बोळवण का करावी?

सरळरेषा
ही तुलना अर्धवट आहे. ७२०पीमध्ये सेकंदाला ६० पूर्ण चित्रे येतात. १०८०आयमध्ये ६० अर्धी, म्हणजे एकदा विषम ओळी आणि एकदा सम. सेकंदाचा हिशेब मांडला, तर ५ कोटी ५३ लाख बिंदूंसमोर ६ कोटी २२ लाख उभे राहतात, म्हणजे फरक अवघा साडेबारा टक्क्यांचा. शिवाय दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या क्षणात चेंडू पुढे सरकलेला असतो, त्यामुळे स्वस्त टीव्हीवर त्याच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा उमटतात. एबीसीच्या घरातल्याच ईएसपीएन या क्रीडावाहिनीने ७२०पी निवडले, ते उगाच नव्हे. आजचे सपाट पडदे पूर्ण चित्रच दाखवतात. १०८०आयची शिलाई तुमच्या टीव्हीलाच करावी लागते.

एडिसनकर
खेळापुरते मान्य. परंतु संध्याकाळच्या मालिका आणि चित्रपट बहुतांशी सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चित्रित होतात, आणि अशी सामग्री १०८०आयमधून आली तरी चांगला टीव्ही तिची मूळ पूर्ण चित्रे जुळवून घेऊ शकतो. तिथे ७२०पीमध्ये तपशील गमावला जातो आणि त्या बदल्यात हाती काहीच लागत नाही.

कंट्रोलरूम
दोघेही आकड्यांवर भांडत आहात आणि नळ किती रुंद आहे, हे विसरत आहात. ६ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत सेकंदाला १९.३९ मेगाबिट मावतात आणि संकेतन (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) अजून जुन्या एमपेग-२चेच आहे. त्यात मुख्य वाहिनीबरोबर जुन्या मालिकांच्या, खरेदीच्या चार-पाच उपवाहिन्या कोंबल्या जातात, कारण त्यातून चार पैसे सुटतात. स्थानकांकडच्या लहरी परत विकत घेणाऱ्या, २०१७मध्ये संपलेल्या लिलावानंतर काही स्थानकांनी स्वतःची वाहिनी सोडून शेजाऱ्याच्या प्रक्षेपकात भागीदारी पत्करली. एकाच प्रक्षेपकावरून दोन नेटवर्क चालवणारे काही मालक तर १०८०आयचा मूळ कार्यक्रम ७२०पीमध्ये उतरवून पाठवतात. याउलट एबीसीची काही संलग्न स्थानके ७२०पीचे १०८०आय करतात. त्याने आकडा फुगतो, तपशील वाढत नाही. सामना संपल्यावर मैदानात रंगीत कपटे उधळले जातात तेव्हा पडद्याकडे नीट पाहा: उपवाहिन्यांनी बिटरेट (सेकंदाला मिळणारे मेगाबिट) खाल्ला असेल, तर कोणत्याही रेझोल्यूशनमध्ये ठोकळेच दिसतात.

एडिसनकर
मग तर माझाच मुद्दा बळकट होतो. नियमानुसार स्थानकाने किमान एक मोफत कार्यक्रम द्यायचा, आणि तोही जुन्या ॲनालॉगच्या तोडीचा असला तरी चालतो. एचडीची सक्तीच नाही, तिथे मालक उपवाहिन्या वाढवणारच. रेझोल्यूशन नको, तर निदान मुख्य वाहिनीचा किमान बिटरेट तरी ठरवा.

सरळरेषा
बिटरेट सक्तीचा केला असता, तर छोट्या शहरांतल्या, जेमतेम तगून असलेल्या स्थानकांनी काय करायचे? तिथे दुसरे नेटवर्क उपवाहिनीवरच येते आणि प्रेक्षकाला ते हवे असते.

कंट्रोलरूम
नोव्हेंबर २०१७मध्ये परवानगी मिळालेल्या एटीएससी ३.० या नव्या प्रक्षेपण मानकात एमपेग-२पेक्षा अधिक दाबणारे एचईव्हीसी संकेतन आहे, १०८०पीही (१०८० ओळी, सगळ्या एकदम) सहज पाठवता येते. मात्र ते ऐच्छिक आहे आणि जुन्या टीव्हींशी जुळत नाही. म्हणून नव्याकडे गेलेल्या स्थानकाचे जुने प्रक्षेपण शेजारच्या स्थानकावर पाहुणे म्हणून चालते, आणि त्या यजमानाच्या नळात गर्दी आणखी वाढते. सध्या तुमच्या अँटेनावरचे चित्र बिघडले असेल, तर ७२०पीला बोल लावण्याआधी त्या वाहिनीवर किती बिऱ्हाडे आहेत, ते मोजा.