कोलिस्टिनपुढे ‘आय’ लिहिलंय, म्हणजे काय?

सिन्नरकर: वडील (७१) बारा दिवस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. मेंदूत रक्तस्राव. दाखल झाले तेव्हा छाती स्वच्छ होती. मग ताप उतरेना, म्हणून नळीतला कफ आणि रक्त कल्चरला गेलं. काल रिपोर्ट आला: क्लेबसिएला न्यूमोनिई नावाचा जंतू. खाली अँटिबायोटिकांची रांग आणि सगळ्यांपुढे आर, आर, आर, म्हणजे जंतू दाद देत नाही. पाचव्या दिवसापासून चालू असलेलं मेरोपेनेमसुद्धा आर. एकट्या कोलिस्टिनपुढे आय. एस, म्हणजे लागू पडतं, कुठेच नाही. डॉक्टर राउंडला म्हणाले, “कोलिस्टिन सुरू करतोय, बघू.” आय म्हणजे अर्धवटच लागू पडणार का? आईला काय सांगू?

लॅबवाली: मी मायक्रोबायोलॉजीतच आहे. कोलिस्टिनपुढे एस शोधू नका, तो छापतच नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब अमेरिकेच्या सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या संस्थेचे तक्ते वापरतात, आणि त्यांनी २०२० मध्ये तो काढून टाकला. आता एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) २ किंवा कमी असेल तर आय, म्हणजे मधला शेरा, ४ पासून पुढे आर. म्हणजे या औषधात मिळू शकणारा सगळ्यात बरा शेरा तुम्हाला मिळालाय! एस काढला कारण औषध फुप्फुसात नीट पोचत नाही, आणि डोस वाढवावा तर किडनी धरते. म्हणून सहसा जोडीला दुसरं देतात.

विचारा: चाचणी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे द्रवात औषध पातळ करत नेऊन केली का? अगारवर औषधाची डिस्क (चकती) ठेवून केली असेल तर तो निकाल धरूच नका, कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारच्या जेलीत धड पसरत नाही. एनडीएम जनुक (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं) तपासलं का? ते असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम या अँटिबायोटिकला अ‍ॅझट्रिओनाम या दुसऱ्याची जोड लागते. आणि रक्तातही तेच निघालं का? नुसत्या कफात असेल तर कधीकधी जंतू नळीत नुसता वस्तीला असतो.

बाळूमामा_७२: सासूबाईंना हेच दिलं होतं. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा) ०.९ वरून २.६ वर गेलं, मग डोस बदलला. रोजचा आकडा आणि लघवीचं माप वहीत लिहा. आणि पलंगाच्या पायथ्याशी हँडरबची बाटली असते ना, ती दाबून बघा. आमची तीन दिवस रिकामी होती. मी खिशात घेऊन जायचो. भेटायला येणारा प्रत्येक जण कठडा धरूनच उभा राहतो, तिथेच सगळे जंतू.

सिन्नरकर: ब्रॉथनेच केलीय, एमआयसी १. रक्तातही तेच निघालंय. एनडीएमचं सॅम्पल आज पुण्याला गेलं. क्रिएटिनिन १.१. बाटली दाबून पाहिली, अर्धी आहे. आईला सांगितलं, औषध बदललंय. ती विचारतेय, अंगारा आत नेऊ देतील का.